डावीकडचे बोल्ट

मागचं मडगार्ड बसवणं हे दोन माणसांचं काम आहे. हे मी कुठं ऐकून सांगत नाही, माझी उभी नोकरी त्यातच गेली. वाळूजला मोटारसायकलींच्या कारखान्यात लांबच लांब लाइन होती आणि त्या लाइनीवर एका ठरलेल्या जागी, गाडीच्या उजव्या अंगाला, मी उभा असायचो. सांगाडा सरकत सरकत यायचा, मी मडगार्डचे उजवीकडचे बोल्ट आवळायचो, सांगाडा पुढं जायचा, की दुसरा हजर. कुणी विचारलं काय काम करता, तर मी म्हणायचो, गाड्या बनवतो. बायको शेजारी असली तर लगेच दुरुस्ती करायची, "अख्खी गाडी नाही हो, उजवीकडचे दोन बोल्ट."

डावीकडचे बोल्ट माझे नव्हते. ते माझ्या समोरच्याचे. आईबापांनी ठेवलेलं नाव त्यालाही होतं, पण ते मी फारसं वापरलं नाही. घरी बोलताना तो "माझा समोरचा" होता आणि तेवढं पुरत होतं. तो पिशोरचा, शेतकरी घरातला. आठवडाभर रांजणगावात खोली करून राहायचा आणि सुट्टी आली की गावी पळायचा. मी मुकुंदवाडीचा, विहाराच्या मागच्या गल्लीतला, कंपनीच्या बसनं येणारा-जाणारा. आम्ही एकमेकांना पाहिलं ते कायम मडगार्डच्या वरून. कमरेखालचा तो मला जेवणाच्या सुट्टीतच दिसायचा.

तिथं बोलायची सोय नव्हती. हवेवर चालणाऱ्या पान्यांचा चहूकडून कलकलाट आणि कानात बोळे. म्हणून आमचं बोलणं हातातल्या पान्यानं चालायचं. ही पद्धत आम्हाला कुणी शिकवली नाही, आपोआप पडत गेली. माझी बाजू झाली की मी पाना गाडीच्या सांगाड्याच्या लोखंडी नळीवर दोनदा वाजवायचो. टक टक. म्हणजे माझं झालं, सोड. कानाला काही ऐकू यायचं नाही, पण दोघांचा एकेक हात नळीवर असायचा, त्या हाताला कळायचं. त्याचंही झालं असलं तर पलीकडून टक टक यायचं आणि आम्ही हात काढून घ्यायचो. त्याचं व्हायचं असलं तर एकच यायचं. टक. म्हणजे थांब, माझं अजून व्हायचंय.

हे 'थांब' त्याच्याकडूनच जास्त यायचं, कारण डाव्या बाजूला साडीगार्डचा बोल्ट जास्तीचा असतो. बायका डावीकडं पाय सोडून बसतात, पदर चाकात जाऊ नये म्हणून तिथं ती जाळी. त्या एका बोल्टापायी तो रोज मागं पडायचा आणि मी रोज थांबायचो. त्यात त्याला बोल्ट जरुरीपेक्षा जास्त आवळायची खोड. सुपरवायझर ओरडला तरी ऐकायचा नाही. "आमच्याकडचे रस्ते तुमी पाह्यले नाय सायेब," एवढं म्हणायचा आणि पुन्हा आवळायचा.

जेवायला आम्ही शेजारी बसायचो, पण तिथंही फार बोलणं व्हायचं नाही. सकाळपासून वाजवून वाजवून सगळं बोलून झालंय असं वाटायचं. त्याचा ठेचा माझ्या डब्याच्या झाकणात, माझी भाजी त्याच्या भाकरीवर, की झालं. त्याला मुलं किती हे मला तो निवृत्त झाला त्या दिवशी कळलं, तेसुद्धा ती त्याला न्यायला आली होती म्हणून. बायकोला मी हे सांगितलं तेव्हा ती हसून हसून बेजार झाली. म्हणाली, "दोघंही धन्य आहात."

माझी स्वतःची गाडी याच लाइनीवरून आली. तिचा सांगाडा पुढ्यात आला तेव्हा मी समोर बोटानं खूण केली, ही माझी. त्यानं मान हलवली आणि वाकला. माझी बाजू झाली, मी टक टक केलं. त्याच्याकडून टक आलं. मी पुन्हा वाजवलं. पुन्हा टक. सांगाडा आमची जागा सोडून पुढं चालला, आम्ही दोघं त्याच्याबरोबर सरकतोय, पुढच्या जागेवरचा माणूस शिव्या घालतोय, तेव्हा कुठं त्यानं बोल्ट सोडला. निवृत्तीच्या दिवशी हार गळ्यात घेऊनच तो गाड्या लावायच्या जागी आला, कारण त्या दिवशी मी मुद्दाम गाडी नेली होती. वाकून त्यानं डावी बाजू पाहिली, बोल्टांवर अंगठा फिरवला.

"एकदा हिला घिऊन ये पिशोरला," तो म्हणाला. "बगू माझे बोल्ट हायेत का उडाले."

येतो म्हटलं. मग मीही निवृत्त झालो, मग बायकोचं दुखणं निघालं, दवाखाने सुरू झाले, आणि मग ती गेली. गाडी पत्र्याच्या शेडखाली उभी राहिली ती राहिलीच.

आता घरात मी एकटा आहे. मुलगा पुण्याला, फोन करतो, चांगला आहे. पण दिवस फार लांब असतो हे मला आधी माहीत नव्हतं. सकाळी उठून चहा करतो, तो कपभरच करायचा हे अजून हाताला जमलेलं नाही, उरतो. आमच्याकडं नळाला रोज पाणी येत नाही, मध्ये बरेच दिवस जातात, आणि पाण्याचा दिवस आला की मला बरं वाटतं. टाकी, पिंप, बादल्या, कळश्या, सगळं भरायचं असतं, गल्लीत आरडाओरडा असतो, भिंतीपलीकडून शेजारीणबाई "भाऊ, आलं बरं का!" म्हणून हाक मारतात. एकट्या माणसाला एवढं पाणी लागत नाही. तरी मी सगळं भरतो. बाकीच्या दिवशी कधी कधी संध्याकाळी लक्षात येतं की सकाळपासून तोंडातून शब्दच निघालेला नाही. मला एकटं वाटतं. मुलाला हे सांगितलं की तो "पुण्याला या" म्हणतो, म्हणून त्याला सांगत नाही.

असाच एकदा भाजी घेत होतो, तर लाइनीवरचा जुना एक जण भेटला. इकडचं तिकडचं झालं आणि तो म्हणाला, "तुझ्या समोरच्याचं कळलं का? लकवा मारला त्याला. उजवी बाजू गेली. बोलणं बंद. अन् कुणाला वळखत बी नाय म्हणत्यात. पोरं म्होरं उभी राह्यली तरी नुस्ता आढ्याकडं बघतोय."

पैसे दिलेल्या मेथीच्या जुड्या तिथंच विसरून मी घरी आलो. शेडखाली गाडीशेजारी स्टूल टाकून बसलो. रोज, वर्षानुवर्षं, मला समोरून पाहिलेली जगात दोनच माणसं. एक बायको, ती गेली. दुसरा हा. याला भेटायला जायचं हे तर ठरलंच, पण भीती वाटली ती वेगळ्या कारणानं. पोटच्या पोरांना जो ओळखत नाही, तो मला काय ओळखणार? आणि त्यानंही नाही ओळखलं, तर मी तिथं उभा होतो, एवढी वर्षं उभा होतो, हे आता कुणाला माहीत आहे?

मुलाला फोनवर सांगितलं, पिशोरला जाऊन येतो. तो म्हणाला, "एसटीनं जा ना बाबा. बस कितीतरी आहेत." मी म्हटलं, गाडीवर जाणार. तसं बोलावणं होतं मला, गाडीसकट. मुलगा आईसारखाच आहे, मी हट्टाला पेटलो की गप्प होतो आणि नंतर शेजाऱ्यांना फोन करतो.

पण गाडी बाहेर काढली तर मागचं मडगार्ड शेपटीकडून पार सडलेलं. कधी तरी मी त्याला तार बांधली होती, ती तारच तेवढी शाबूत होती. स्टँडवरून उतरवल्याबरोबर मडगार्डचा अर्धा भाग मोडून चाकावर बसला. मुलाला हे कळलं (शेजारीणबाई!) तेव्हा तो म्हणाला, गॅरेजवाल्याला बोलवा. मी म्हटलं, का म्हणून? उभा जन्म मडगार्डात गेला आणि माझ्या गाडीचं मडगार्ड दुसरा बसवणार? लोक तोंडात शेण घालतील. खरं तर कोण लोक? माझ्या गल्लीत कुणाला ठाऊकसुद्धा नाही मी काय करत होतो ते.

मोंढा नाक्याच्या बाजूला सुट्या भागांची दुकानं आहेत. तिथल्या एका दुकानदारानं माझं जुनं तुटकं मडगार्ड हातात घेऊन उलटंपालटं केलं. "चचा, इस मॉडल का ओरिजिनल अब नै आता. लोकल ले जाव, अच्छा है." मी लोकलवर बोट वाजवून पाहिलं. पत्रा पातळ होता, भोकं नीट पाडलेली नव्हती. आमच्याकडं असला माल आला असता तर त्याच पावली परत गेला असता, हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "तो फिर कंपनी में जाव ना चचा." मी लोकलच घेतलं. मडगार्ड कागदात गुंडाळताना त्यानं विचारलं, "साडीगार्ड बी देऊं? पीछे कौन बैठते?"

"कोई नै," मी म्हणालो.

"तो नक्को. जुना बी निकाल डालो, खाली वजन है."

रिक्षात ते मडगार्ड मांडीवर घेऊन बसलो आणि घरापर्यंत त्या 'कोई नै'चा विचार करत आलो. शब्द माझेच होते, पण तोंडातून पहिल्यांदाच बाहेर पडले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामाला लागलो. शेडखाली पोतं पसरलं, पाने मांडले, चष्म्याला दोरी बांधली. सीट काढली, मागच्या दिव्याची वायर सोडवली, नंबरप्लेट उतरवली. मग उजवीकडच्या बोल्टांना पाना लावला. माझे बोल्ट लगेच सुटले. इतके लगेच, की मलाच कसंनुसं झालं. मनात म्हटलं, गंजानंसुद्धा धरलं नाही यांना.

मग उठून, गाडीला वळसा घालून, डावीकडं गेलो.

त्याचे बोल्ट हलेनात. पाना लावून जोर केला, पाना घसरला आणि बोटं साडीगार्डवर आपटली. बाटलीत थोडं डिझेल होतं, ते बोल्टांवर सोडलं, चहा पिऊन आलो, पुन्हा लागलो. नाही. पान्याच्या दांड्यावर पाय देऊन पाहिला. नाही. साडीगार्डचा तो जास्तीचा बोल्ट तर असा बसला होता की गाडी हलत होती पण तो हलत नव्हता. शेवटी मी भडकलो. "अरे, सोड की आता!" असं मोठ्यानं ओरडलो. "गाडीच्या जन्मापासून आवळून बसलाय, सोड!"

भिंतीवरून शेजारीणबाईंचं डोकं आलं. "कुणाला बोलताय भाऊ? कुणी आलंय का?"

"नाय ओ. बोल्टाला."

"बरं बरं," त्या म्हणाल्या. त्यांचा चेहरा काळजीचा झाला आणि डोकं खाली गेलं. त्या संध्याकाळी मुलाचा फोन ठरल्याप्रमाणे आलाच.

त्याच दुपारी पाणी आलं, मी हात धुऊन टाकी भरायला लागलो, आणि बोल्ट डिझेल पीत पडून राहिले. तेच बरं झालं. सकाळी पुन्हा पाना लावला तेव्हा पहिला बोल्ट किर्र वाजला आणि जागचा हलला. मागोमाग दुसरा. साडीगार्डचा सगळ्यात शेवटी. बाहेर काढून पाहिले तर डोक्यावर गंज, पण आटे आतून स्वच्छ, चकचकीत. इतकी वर्षं आत पाण्याचा थेंब शिरला नव्हता. ते तिन्ही बोल्ट मी रॉकेलच्या जुन्या डब्यात घासून धुतले आणि फडक्यावर वाळत ठेवले. उजवीकडं नवे लावायचे, डावीकडं हेच परत लावायचे, असं मी ठरवलं.

काढणं सोपं असतं. बसवताना कळलं की माझ्याकडं हात कमी आहेत. मडगार्ड मागून आत सारायचं, वर उचलून नळीला भिडवायचं आणि भिडवून धरलेलं असतानाच बोल्टाचे पहिले आटे धरायचे. लाइनीवर मी बोल्ट लावायचो तेव्हा मडगार्ड खालून त्यानं उचलून धरलेलं असायचं, आणि तो लावायचा तेव्हा मी. मी कधी मोजलंच नव्हतं की माझ्या कामात त्याचा एक हात आहे. आता एका हातात बोल्ट, दुसऱ्या हातात पाना आणि मडगार्ड उचलायला गुडघा, असं मी बराच वेळ करत राहिलो. ते दर वेळी घसरून चाकावर पडायचं. नंतर मी खाली विटा रचल्या, विटांवर पाट ठेवला, पाट हलला आणि सगळं खाली आलं. बायको असती तर तिनं एका हातानं धरलं असतं आणि दुसऱ्या हातानं मिसरी लावत "अजून किती वेळ?" म्हणून विचारलं असतं. तिची आठवण मला रडू येण्यासारख्या वेळी येत नाही, असल्या वेळी येते.

शेवटी घरात गेलो. तिनं गोधडीसाठी फाडून ठेवलेल्या साड्यांच्या पट्ट्या अजून गाठोड्यात होत्या. गोधडी व्हायची राहूनच गेली. त्यातली एक हिरवी पट्टी घेतली, मडगार्डच्या खालून फिरवली आणि वर नळीला गच्च बांधली. मडगार्ड जागेवर थांबलं. आता उजवीकडं बसून बोल्ट लावणं म्हणजे हातचा मळ. आटे धरले, फिरवले, पाना लावला, पूर्ण आवळले. हाताला सगळं आठवत होतं, डोळे मिटूनही जमलं असतं. आणि आवळून झाल्याबरोबर माझा डावा हात नळीवर गेला आणि उजव्या हातानं पाना दोनदा वाजवला.

टक टक.

आणि मी वाट बघत बसलो.

किती वेळ ते सांगता येणार नाही. शेजारची पाण्याची मोटर चालू होती, स्टेशनात कुठली तरी गाडी शिट्टी मारत होती. हात नळीवर तसाच होता. पलीकडून काहीच आलं नाही, येणार नव्हतंच, पण ते मला समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा फार वाईट वाटलं. तिच्या अंत्यविधीला आलेली माणसं निघून गेल्यावर घरात वाटलं होतं तसंच वाटलं. मी नळीवरचा हात काढला आणि चष्मा पुसला.

उठून डावीकडं गेलो तर आणखी एक मजा. मडगार्ड उजवीकडं ओढलं गेलं होतं, चाकाला घासत होतं, आणि डावीकडची भोकं जुळतच नव्हती. एखाद्या नवख्या फिटरनंही ही चूक केली नसती. तो आधी सगळे बोल्ट सैल लावतो, मग थोडं इकडं थोडं तिकडं करत आवळतो. मी मात्र माझी बाजू एकदमच आवळून टाकली, कारण आयुष्यभर तसंच केलं. मी आवळायचो त्याच वेळी पलीकडून तोही आवळायचा, दोघांच्या ओढीत मडगार्ड मधोमध राहायचं. हे मधोमध राहणं मी माझ्या हाताचं कसब समजत होतो.

पुन्हा सगळं सैल केलं. मग उजवीकडं थोडं, उठून वळसा घालून डावीकडं थोडं, पुन्हा उजवीकडं. गुडघे बोलायला लागले. त्या बाजूला बसून काम करायची माझी ती पहिलीच वेळ. तिथून गाडी वेगळीच दिसते. हात घालायला जागाच नाही, चेनचं कव्हर आडवं येतं, साडीगार्डची जाळी मनगटाला कापते. इतकी वर्षं तो या अडचणीत हात घालून काम करत होता आणि मी पलीकडच्या ऐसपैस बाजूनं टक टक करून त्याला घाई करत होतो.

साडीगार्ड हातात घेऊन थोडा थांबलो. दुकानदाराचं म्हणणं बरोबरच होतं, मागं आता कुणी बसणार नाही. पण त्याचा बोल्ट धुऊन ठेवला होता आणि तो फडक्यावर एकटा उरला असता. मी साडीगार्ड लावलं, बोल्ट बसवला आणि त्याच्या खोडीप्रमाणे जरुरीपेक्षा जास्त आवळला. मग हिरवी पट्टी सोडली, घडी करून गाठोड्यात ठेवली. डावीकडून नळीवर वाजवायला मात्र हात उचलला नाही. ते वाजवणं माझं नव्हतं.

बॅटरी आणि टायर तेवढे गॅरेजवाल्याकडून बदलून घेतले, ते माझं काम नव्हतं. पिशोरला निघालो त्या सकाळी खिशात पाना घेतला. लोकल मडगार्डवर माझा विश्वास नव्हता. दौलताबादचा घाट चढून पुढं वेरूळची उतरण लागली तसं मागं काहीतरी खडखडायला लागलं. उतरून पाहिलं. उजवीकडचे बोल्ट ढिले झाले होते, माझेच. डावीकडचे जागच्या जागी. मी माझे पुन्हा आवळले, टपरीवर चहा घेतला आणि काय बोलायचं त्याची जुळवाजुळव करत बसलो. कसा आहेस? काय हे झालं? ओळखलंस का? सगळी वाक्यं तोंडात खोटी वाटत होती. आम्ही असं कधी बोललोच नव्हतो. परत फिरावं असंही एकदा मनात येऊन गेलं.

पिशोरला घर विचारत विचारत पोचलो. गाडीचा आवाज ऐकून एक बाई बाहेर आल्या, पदर सावरला. ही त्याची बायको हे मी ओळखलं, निवृत्तीच्या दिवशी पाहिली होती. मी कारखान्यातला आहे म्हणून सांगितलं. त्यांनी मला पाहिलं, मग गाडीला पाहिलं.

"तुमी त्ये समोरचे व्हय?"

मी नुसती मान हलवली. 

"लई सांगायचे तुमचं," त्या म्हणाल्या. "माझा समोरचा असा, माझा समोरचा तसा. नाव कधी सांगितलंच नाय बघा." मग ओसरीकडं वळून हळू आवाजात म्हणाल्या, "पर भाऊ, वळखतील असं मनात धरू नका. कालच लेक यिऊन रडून गेली."

ओसरीत लोखंडी पलंगावर तो पडला होता. भरलेला माणूस वाळून गेला होता. उजवा हात छातीवर कुणीतरी ठेवल्यासारखा, डावा पलंगाच्या कडेच्या नळीवर. मी स्टूल ओढून बसलो. त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि मग वर छपराच्या पत्र्याकडं पाहिलं. पत्र्याकडं जसं पाहिलं तसंच माझ्याकडं पाहिलं होतं. वहिनी म्हणाल्या, "बोला की भाऊ, ऐकायला येतंय म्हणत्यात डाक्टर." मी म्हटलं, गाडी आणलीय रे. मडगार्ड नवं टाकलं. तुझे बोल्ट आहेत अजून. तो पत्र्याकडंच बघत होता. वहिनींनी चहा आणला, मी तो प्यालो. जायला निघावं म्हणून हात गुडघ्यावर ठेवला तर खिशातला पाना मांडीला टोचला.

मी तो बाहेर काढला. डावा हात पलंगाच्या नळीवर ठेवला, त्याच्या हातापासून थोडा लांब, आणि पाना वाजवला.

टक टक.

वहिनी चमकून बघायला लागल्या. तो तसाच होता, नजर वरच. मी हात नळीवर ठेवून बसलो. घाई केली नाही. अंगणात एक कोंबडी आली आणि गेली. मग माझ्या हाताला कळलं. कानाला जेमतेम ऐकू येईल इतकं हळू, पण नळीतून नीट आलं. त्याच्या डाव्या हाताचं बोट उचललं होतं आणि पडलं होतं. एकदाच.

टक.

वहिनी लगबगीनं उठल्या. "पाणी पायजे त्यांना," त्या म्हणाल्या. "रोजच करत्यात असं. एकदा वाजवत्यात अन् मग गप पडून ऱ्हात्यात. आमी पाणी पाजतो."

"पाणी नको वहिनी," मी म्हणालो. "त्याचं अजून व्हायचंय. थांब म्हणतोय तो."

त्या तांब्या हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या. मी पाना मांडीवर ठेवला, स्टूल पलंगाजवळ ओढलं, हात पुन्हा नळीवर ठेवला आणि थांबलो.